वाचकांचे प्रश्न : पोरांना अर्थशास्त्र शिकवतोय, पण पोरं टिकेनात

प्रश्न : मॅडम नमस्कार, आम्ही बीए सेकंड इयरचे पाच जण, परभणी जिल्ह्यातले. दिवाळीपासून गावातल्या समाजमंदिरात दर रविवारी आठवी ते दहावीच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवतो, फी वगैरे काही नाही. पहिल्या रविवारी चाळीस पोरं होती, आता नऊ येतात. मागणी-पुरवठ्याचे आलेख काढले, जीडीपी सांगितला, पीपीटी पण केली. घरचे म्हणतात हे नीटला येतं का, मग कशाला? आम्हाला तर मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत असे ग्रुप काढायचेत. काय चुकतंय?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर : अगं, आधी पाचही जणांना मनापासून शाबासकी. तुमच्या वयात दर रविवार दुसऱ्याच्या पोरांसाठी देणं सोपं नाही. आणि नऊ येतात ना अजून, ती कामून येतात ते त्यांनाच विचार, माझ्यापेक्षा चांगलं उत्तर ती देतील.

मला वाटतं तुम्ही सुरुवात पुस्तकाकडून केली, ती मोंढ्याकडून, म्हणजे शेतमालाच्या बाजाराकडून करा. सप्टेंबरच्या पावसानं बरंच नेलं तरी गावात कुणीतरी मोंढ्यात सोयाबीन घातलंच असेल, त्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, घरात कुठंतरी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात पडलेली असते, ती मागून आणा आणि नाव झाकून जशीच्या तशी फळ्यावर उतरवा. वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली, हातात काय आलं. पाच मिनिटात एखादं पोरगं विचारणारच की हमीभाव ५,३२८ हाय तर मग एवढाच कामून मिळाला? बस, तिथून तास सुरू.

आता याचं उत्तर एका वाक्यात देऊन मोकळं होऊ नका. ५,३२८ रुपये क्विंटल हा २०२५-२६ चा हमीभाव, तो मिळतो सरकारी खरेदी केंद्रावर, तिथं नोंदणी लागते, मॉइश्चर १२ टक्क्यांच्या आत लागतं, नंबर यायची वाट बघावी लागते, आणि खताची उधारी दारात उभी असली की माणूस मोंढ्यात माल घालून मोकळा होतो. मग पुढचा प्रश्न, मोंढ्यातला भाव ठरतो कुठं? सोयाबीन प्लांटला गेलं की तेल निघतं साधारण १८ टक्के, बाकी बहुतेक पेंड, म्हणजे पेंडीला उठाव नसला की भाव पडला. आणि देशात आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलकडून. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरची आयात ड्युटी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर, सगळं धरून ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेली आणि मे २०२५ संपता संपता परत १६.५ वर आणली. इथं वर्गाचे दोन भाग करा, अर्धे सोयाबीन विकणारे बाप, अर्ध्या तेलाची पिशवी आणणाऱ्या आया, आणि विचारा ड्युटी वाढवायची का कमी करायची? भांडू द्या त्यांना. मग लक्षात आणून द्या की ते दोघं एकाच घरातले आहेत. आलेख त्याच्यानंतर काढा, तेव्हा तो कुणाला परका वाटणार नाही.

दुसरा तास व्याजावर घ्याच. पोरांना विचारा सावकाराचं तीन रुपये शेकडा स्वस्त का बँकेचं पीककर्ज ७ टक्के? बरीच पोरं तीनच म्हणतील, मोठी माणसं सुद्धा म्हणतात, कारण तीन हे महिन्याचं आणि सात हे वर्षाचं हे कुणी सांगितलेलंच नसतं. दहा हजार घेतले आणि व्याजावर व्याज चढत गेलं तर वर्षात १४ हजार अडीचशेच्या वर आणि दोन वर्षात दुपटीच्या पुढं जातात, हे पोरांच्या हातानं महिन्यामहिन्याला मांडून घ्या. बचत गटाचे दोन रुपये शेकडा पण तसेच मांडा, आई गटात असते, घरी जाऊन ती विचारतील. फक्त एक जपा गं, कुणाच्या घरावर किती कर्ज आहे हे वर्गात कधीही विचारायचं नाही. आपल्याकडं कर्जापायी घरं उघड्यावर आलेली आहेत, त्यातलंच एखादं लेकरू तुमच्या समोर बसलेलं असू शकतं. आकडे कायम काल्पनिक घ्या.

आणि म्हाताऱ्या माणसांना बोलवा! निजामाच्या राज्यात आपला रुपया वेगळा होता, हाली शिक्का, आणि इंग्रजांचा तो कलदार. १९४८ नंतर सात हालीला सहा कलदार असा हिशोब होता आणि हाली पूर्ण बंद झाला १९५९ ला. आजीला नाहीतर पणजीला ते ऐकून माहिती असतं, एक्स्चेंज रेट शिकवायला डॉलर कशाला पाहिजे.

नीटचं म्हणशील तर पालकांशी वाद घालू नका. परीक्षेच्या तयारीचा लातूर पॅटर्न आपल्या शेजारचाच, डॉक्टर होऊन लेकरू घर वर काढेल ही त्यांची आशा खोटी नाही. त्यांना व्याजाच्या तासाला मागं येऊन बसा म्हणा.

आठ जिल्ह्यांचं आत्ता नको. त्या नऊमधली दोन पोरं निवडा, पट्टीचा तास त्यांच्याकडून नीट बसवून घ्या आणि शेजारच्या गावात त्यांनाच शिकवायला पाठवा, तुम्ही मागं बसा. ते जमलं की मला परत लिहा.

प्रश्न : मुलीला अकरावीला अर्थशास्त्र घ्यायचंय, पुढं काय स्कोप आहे?
(एक पालक, बीड जिल्हा)

उत्तर : आहे दादा, घेऊ द्या. यूपीएससी भारतीय आर्थिक सेवेची वेगळी परीक्षा घेते, त्याला अर्थशास्त्रात एमए लागतं, रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञांची भरती असते, पुण्यात १९३० पासूनची गोखले संस्था आहे. पण तिला गणित सोडू देऊ नका, आर्ट्सला गेली तरी. वरच्या अभ्यासाला पोरं अडकतात ती तिथंच.