उजेडात अँटिबायोटिक तोडणारी पावडर मिठी नदीत चालेल का?

तुम्ही विचारलंय की टेट्रासायक्लिनसारखी अँटिबायोटिक साध्या उजेडात तोडणारे कंपोझिट फोटोकॅटॅलिस्ट (उजेड पडला की रासायनिक क्रिया घडवणाऱ्या, दोन पदार्थ जोडून केलेल्या पावडरी) खरंच काम करतात का, आणि मिठीच्या पाण्यात टाकले तर? बीकरमध्ये करतात. मिठीचं विसरा.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला इथेच, मुंबईत, मी हे केलंय. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. त्याची बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटायला उजेडातून लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणून त्याला यूव्हीच (अतिनील किरणच) लागतं, आणि उन्हात यूव्ही जेमतेम ४-५ टक्के. जोडीला घेतलं ग्राफिटिक कार्बन नायट्राइड. झाकलेल्या क्रुसिबलमध्ये युरिया ५५० अंशांवर तापवला की अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि शेवटी फिकट पिवळी, फुंकरीने उडेल अशी पावडर चिमूटभर उरते. हिची गॅप २.७, त्यामुळे निळा उजेडही पुरतो. पण एकटी असली की उजेडाने सुटलेला इलेक्ट्रॉन लगेच जागेवर परत येतो, सगळं मुसळ केरात. टायटॅनिया, म्हणजे तेच टायटॅनियम डायऑक्साइड, चिकटलेलं असेल तर तो तिकडे सरकतो, ऑक्सिजनला मिळून सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा तिखट अवतार बनवतो, आणि ते औषधाचा रेणू तोडतं.

पहिल्याच आठवड्यात यूव्ही-व्हिसवर (पाणी कुठला उजेड किती शोषतं ते मोजणारं यंत्र) ३५७ नॅनोमीटरचा पीक, म्हणजे टेट्रासायक्लिनची खूण, साफ झोपला. मी पेढे आणायच्या बेतात होते. सरांनी एवढंच विचारलं, "अंधारात ठेवून बघितलंस का?" बीकरला फॉइल गुंडाळून अर्धा तास स्टररवर ठेवला, तर पीक तसाही बराच उतरला! औषध तुटलं नव्हतं, पावडरीला चिकटलं होतं. शिवाय टेट्रासायक्लिन पावडर न घालताही दिव्याखाली थोडं तुटतं, तो कंट्रोल (तुलनेसाठीची चाचणी) वेगळा घ्यायचा. आणि पीक गेला तरी रेणूचे तुकडे पाण्यात असू शकतात; ते कळायला टीओसी, म्हणजे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन, मोजावं लागतं. हे न देता "९० टक्क्यांवर डिग्रेडेशन" लिहिलेले पेपर मी बाजूला ठेवते.

मिठीच्या गढूळ पाण्यात उजेड खोलवर शिरत नाही. सुपरऑक्साइड वगैरे जे काही तयार होईल ते आधी बाकीच्या घाणीवरच खर्ची पडणार, आणि एवढी बारीक पावडर नदीतून परत गाळणार कोण? हॉस्पिटलच्या सांडपाण्यावर प्रक्रिया झाल्यावर, शेवटच्या टप्प्यात, काचेवर पक्का थर बसवून केलं तर मला आशा वाटते. फक्त गच्चीवरचे उन्हातले प्रयोग मे संपायच्या आत उरका. आमचे दोन आठवडे जूनच्या ढगांत गेले.