भरिताचं गाणं परदेशी धाडण्याआधी

चि. भाचेबुवांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परदेशातल्या गाण्यांच्या स्पर्धेला धाडायचं तुझं भरितावरचं विडंबन ऐकलं. मामीनेही ऐकलं आणि पोट धरून हसली. पण ती हसली कारण मूळ गाणं तिला तोंडपाठ आहे. सातासमुद्रापलीकडच्या परीक्षकाला मूळच ठाऊक नाही, त्याला तू काय वाकडं केलंस ते कसं कळणार? शिवाय नियमांत चाल स्वरचित हवी असं स्पष्ट लिहिलंय. गणपतीत, गॅदरिंगला उसनी चाल खपून जाते, इथे पहिल्याच चाळणीत बाद होशील.

म्हणून विडंबन एका गाण्याचं नको, गाण्यांच्या एका तऱ्हेचं कर. डोळे मिटून गायलेलं विरहगीत, मागे व्हायोलिनं, शेवटच्या कडव्याआधी क्षणभर शांतता आणि मग सगळं गाणं एक पट्टी वर. हा थाट जगभर ओळखीचा आहे. तुझ्या गाण्यातही पहिल्या ओळीपासून कुणीतरी विरहात भाजून निघू दे. ते भरिताचं वांगं आहे हे ध्रुवपदात कळू दे. खाली कपाशीच्या काड्या, वर ते बिचारं, शेजारी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी वाट बघतेय. तुझ्याकडे एवढा माल आहे आणि तू पहिल्याच ओळीत 'वांगं' म्हणून मोकळा झालास.

युरोव्हिजनकडे जरा बघ. 1956पासून चाललेली, युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा, गाणं तीन मिनिटांत संपवायचं, मुख्य गायन मंचावर प्रत्यक्ष. सात वेळा जिंकलेल्या आयर्लंडने 2008मध्ये तिथे टर्की पक्ष्याची बाहुली पाठवली, डस्टिन नावाची. सगळा विनोद स्पर्धेचीच टर उडवण्याचा. उपांत्य फेरीतच गाशा गुंडाळावा लागला. यावरून 'स्पर्धेची टिंगल करू नये' असा धडा काढशील, तर 2006चा लिथुआनिया आडवा येतो. सूट घातलेले सहा पुरुष 'आम्हीच विजेते' असं गंभीर चेहऱ्याने बजावत राहिले. सभागृहात हुर्योही झाली, तरी सहावे आले. माझ्या मते फरक ध्रुवपदाचा. लिथुआनियाचं एकदा ऐकून कुणीही ओरडू शकतो. विनोद पहिल्या ऐकण्यात खर्ची पडतो, त्यानंतर चालीलाच गाडा ओढावा लागतो.

आता बोलीचं. इथे मी जरा चिडलोय. तू जळगावकडच्या यावलचा, घरात लेवा गणबोली बोलतोस, आणि गाण्यात अहिराणीतलं 'वावरमा चाल भो, भरीत तयार शे'! अहिराणी गाण्यांना व्ह्यूज मिळतात म्हणून ना? धुळ्या-अमळनेरचा माणूस दुसऱ्या ओळीत तुला पकडेल, कारण पुढे तूच 'शे' सोडून 'आहे'वर आलायस. अहिराणी गोड आहे, पण ती तुझ्या जिभेवरची नाही.

2025मध्ये स्वीडनने बाझलच्या युरोव्हिजनला पाठवलेलं विनोदी त्रिकूट मुळात फिनलंडच्या व्योरो गावचं. तिथे स्वीडिश बोलणारे लोक राहतात. हे तिघे आपल्या गावच्या बोलीत गायले, आणि विषय काय, तर सौना, म्हणजे वाफेने घाम काढायची खोली. अ‍ॅकॉर्डियन, ठेका, आणि 'बारा बादा बास्तू' हे ध्रुवपद. 1998नंतर स्वीडनचं स्वीडिशमधलं हे पहिलंच गाणं. चौथं आलं. त्यात गावकऱ्यांना बावळट ठरवलेलं नाही, हे नीट ऐक. सौनात बसून घाम गाळणारे ते स्वतःच आहेत. तुझ्या तिसऱ्या कडव्यातला म्हातारा मात्र इंग्रजी येत नाही एवढ्यासाठीच हास्यास्पद आहे. तो काढ. हवं तर त्याला भरीत ठेचायला बसव, तिखटावरून सुनेशी भांडू दे. हसू आपोआप येईल आणि त्यालाही येईल.

आणखी एक खटकलं. दुसऱ्या कडव्यात 'देठ' शब्दावर तू स्वतःच फिसकन हसलास. गाणारा हसला की ऐकणारा थांबतो. वांग्याचं दुःख खरं मानून गा, सूर तर बिलकूल सोडू नकोस. बेसूर गाणं विनोदी वाटतं असा काही पोरांचा समज आहे. ते फक्त बेसूर वाटतं.

भाषांतराची चिंता सोड. अर्थ दोन ओळींत अर्जासोबत लिहून दे, गाण्यात इंग्रजी घुसडू नकोस.

चाल नवी बांधलीस की आधी नुसत्या टाळीवर गाऊन पाठव, मोबाईलवर चालेल. त्या डीजेवाल्या मित्राला तोवर लांब ठेव. आणि ध्रुवपद तुझ्या आजीला एकदाच ऐकव. दुपारी तिने ते भांडी घासताना गुणगुणलं तर कळव, नाही गुणगुणलं तरी कळव.

तुझा,
मामा