जुनी निकालपत्रकं उतरवून घेताना

अनेक आशीर्वाद.

लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशनच्या राष्ट्रीय स्पर्धा होत. त्यांचे 1950च्या दशकातले निकाल तू तक्त्यात उतरवायला घेतलेस, याचा आनंद झाला. फक्त यार्डांचे मीटर करून मूळ आकडा पुसणं आजच थांबव. छापलेला आकडा एका रकान्यात जसाच्या तसा ठेव, तुझं रूपांतर शेजारच्या रकान्यात.

440 यार्ड म्हणजे 402.34 मीटर. 400 मीटरसाठी 0.3 सेकंद वजा करतात, पण तो अंदाजच. मैलाचे 1500 मीटर मात्र करूच नकोस. 109 मीटर कमी झाले की शर्यतीची आखणीच बदलते.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. वेळाधिकारी अंतिम रेषेपाशी उभे राहून पिस्तुलाचा धूर दिसताच घड्याळ सुरू करत. आवाजाची वाट पाहिली तर 100 यार्ड यायला त्याला पाव सेकंदाहून जास्त लागतो आणि तेवढी वेळ कमी नोंदली जाते. धूर पाहूनही बोट थोडं उशिरा दाबलं जातं, शेवटी मात्र धावपटू येताना दिसत असतो. म्हणून हाताची वेळ विजेच्या घड्याळापेक्षा कमी भरते. रोम 1960मध्ये मिल्खा सिंग यांची 400 मीटरची वेळ हातघड्याळाने 45.6, विजेच्या घड्याळाने 45.73. आज 400 मीटरला 0.14 आणि त्याहून छोट्या शर्यतींना 0.24 मिळवतात, ते यासाठीच. आणि 9.8चं 9.80 कधीही करू नकोस. त्या शून्याचा अर्थ शतांश मोजला होता असा होतो, आणि तो कुणीच मोजला नव्हता.

दोन धावपटूंची वेळ सारखी आणि क्रमांक वेगळे दिसले तर छपाईची चूक समजू नकोस. क्रमांक पंच डोळ्यांनी ठरवत, घड्याळ नव्हे. ‘2 यार्डांनी मागे’ असं असेल तर तेच लिही, त्यावरून वेळ काढू नकोस.

स्पर्धा परदेशी खेळाडूंनाही खुली होती, त्यामुळे देशाचा रकाना हवाच. जन्मस्थान वेगळं ठेव. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या मॅकडोनल्ड बेली यांनी 100 आणि 220 यार्ड ही दोन्ही विजेतेपदं 1946, 1947 आणि 1949 ते 1953 अशी सात वर्षं मिळवली, पण 1952च्या ऑलिंपिकचं कांस्यपदक ब्रिटनसाठी. महिलांची संघटना आणि स्पर्धा वेगळी होती. ती पत्रकं स्वतंत्र शोध.

उड्यांच्या बाबतीत सेंटिमीटरचा अपूर्णांक सोडून दे: 24 फूट म्हणजे 731.52 सेंटिमीटर, लिहायचं 7.31 मीटर. वाऱ्याची नोंद नसेल तर रकाना रिकामा ठेव. 0.0 लिहिलंस तर वाचणारा वारा मोजला होता असंच धरेल.

सुरुवात 1953पासून कर. गॉर्डन पिरी यांचा 6 मैलांचा विश्वविक्रम, 28:19.4, त्याच वर्षीचा आहे. तो तुझ्या तक्त्यात जुळतो का ते आधी पाहा, मग पहिलं पान मला पाठव.