शिक्षकाने समुपदेशक व्हावे का?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित विद्यालयात नववीची वर्गशिक्षिका आहे. दोन दिवसांचे प्रशिक्षण झाल्यावर मुख्याध्यापकांनी समुपदेशनाचे काम माझ्याकडे सोपवले. अलीकडे एका विद्यार्थिनीने निबंधाच्या वहीत ‘मी असले काय, नसले काय, कोणाला फरक पडत नाही’ असे लिहिले. मी विचारले तेव्हा ‘बाई, घरी सांगू नका’ अशी गळ घातली. मी काय करावे? शिवाय परिपाठात आम्ही रोज दहा मिनिटे ध्यान घेतो, अधूनमधून प्रेरणादायी व्याख्यानेही ठेवतो. त्यामुळे मुले मनाने खंबीर होतात का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंक छापून येईपर्यंत थांबण्याजोगे नसल्याने ते आपल्याला आधीच पत्राने कळवले आहे, इतर शिक्षकांसाठी ते येथे देतो.

अशा मुलीला इतरांपासून बाजूला, पण घाई न करता बसवावे आणि ‘जीव संपवावा असे विचार तुझ्या मनात येतात का?’ असे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती बहुतेक शिक्षकांना वाटते, परंतु आजवरच्या संशोधनात तिला आधार मिळालेला नाही. उलट विचारणारे कोणीतरी भेटले म्हणून पुष्कळ मुलांना हायसे वाटते. गुप्ततेचे वचन मात्र देऊ नये. ‘तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मला सांगावेच लागेल, पण कोणाला आणि कसे सांगायचे ते आपण दोघी मिळून ठरवू’ असे म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे. आईऐवजी आजी किंवा मावशी तिला जवळची वाटत असेल, तर सुरुवात तेथून करावी. घराची भीती नुसत्या रागावण्याची नसून लैंगिक अत्याचाराची असल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही अशा वेळी उपयोगी पडते. उत्तर होकारार्थी किंवा संदिग्ध असेल तर त्या दिवशी तिला एकटे सोडू नये, मुख्याध्यापकांना कळवावे आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात तिला नेण्याची व्यवस्था करावी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तो चोवीस तास विनामूल्य असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. पुढे काय करावे हे सुचत नसेल तर शिक्षकानेही त्यावर फोन करावा. तो केवळ विद्यार्थ्यांसाठी नाही.

आता आपल्या नेमणुकीविषयी. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत, गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांच्या सहभागाने ‘सेहर’ नावाचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही शाळांत एक प्रशिक्षित, पण व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ नसलेला समुपदेशक ठेवला होता, तर काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकाकडे दिला होता. त्यात भित्तिपत्रक, निनावी चिठ्ठ्यांची पेटी, विद्यार्थ्यांचे गट आणि गरजेनुसार वैयक्तिक समुपदेशन, असे सारे होते. पहिल्या प्रकारच्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र फरक दिसला नाही. मला यात शिक्षकांचा दोष दिसत नाही. जी व्यक्ती गुण देते, वही तपासते आणि पालकसभेत तक्रार सांगते, तिच्याजवळ मन मोकळे करणे मुलांना अवघड जाणारच, आणि पूर्ण तासिका घेऊन वर हे काम करायला वेळ तरी कोठून आणायचा? म्हणून आपण समुपदेशक होण्याची धडपड करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. वहीतले ते वाक्य आपल्या नजरेतून सुटले नाही, हेच वर्गशिक्षिकेचे खरे काम होते. त्यापुढे योग्य हातांत सोपवणे आले.

ध्यानाबद्दल फार अपेक्षा ठेवू नयेत. ब्रिटनमध्ये ११ ते १३ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या ‘मिरियड’ चाचणीत शिक्षकांनी शिकवलेल्या सजगतेच्या (माइंडफुलनेस, ध्यानाचाच एक प्रकार) पाठांचा नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा अधिक लाभ झाल्याचे २०२२ मध्ये आढळले नाही. दहा मिनिटे शांत बसण्याला माझा विरोध नाही, पण त्याच परिपाठात नापासांची नावे वाचली जात असतील तर ते ध्यान कोणासाठी, हे विचारायला हवे. व्याख्यानांविषयी तर लिहावेसेही वाटत नाही. टाळ्या वाजतात आणि वक्ते निघून जातात. त्याऐवजी चिठ्ठ्यांची पेटी ठेवावी, ती दर आठवड्याला न चुकता उघडावी आणि मुलांनी मांडलेल्या निदान एका अडचणीवर, मग ती मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीची का असेना, सर्वांना दिसेल अशी कृती करावी. आपल्या सांगण्याने काही बदलते हा अनुभव मुलांना अशाने येतो, आणि खंबीरपणा त्यातून वाढतो.

प्रश्न : माझा मुलगा लातूरला नीटच्या तयारीसाठी राहतो. दर चाचणीनंतर गुणांनुसार तुकड्या बदलतात आणि यादी भिंतीवर लागते. तो आता फोनवर मोजकेच बोलतो. क्लासला काही म्हणता येईल का?

उत्तर : जरूर म्हणता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिक्षणसंस्थांनी, विशेषतः कोचिंग क्लासेसनी, शक्यतो गुणांनुसार तुकड्या पाडू नयेत, विद्यार्थ्यांची जाहीर मानहानी करू नये आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असल्यास किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. ‘शक्यतो’ या शब्दाआड पुष्कळ जण लपतील, म्हणून आपण पत्र लेखी द्यावे, पोच घ्यावी आणि जमल्यास आणखी काही पालकांच्या सह्या मिळवाव्यात. परंतु त्याआधी लातूरला जाऊन मुलाला भेटावे. झोप आणि जेवण कसे चालले आहे ते विचारावे, चाचणीच्या गुणांचा विषय त्या भेटीत काढूच नये, आणि ही परीक्षा त्याला स्वतःला द्यायची आहे का, हे विचारून त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.