चार जुलैची परेड आणि लहान मुले : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे आणि मुलगी आठ महिन्यांची. सध्या सासू-सासरे साताऱ्याहून आलेले आहेत. माझ्या नणंदेने ४ जुलैला सर्वांनी मिळून ऱ्होड आयलंडमधील ब्रिस्टलची परेड पाहायला जाण्याचा बेत आखला आहे. एवढ्याशा बाळाला उन्हात आणि गोंगाटात नेऊ नये, असे सासूबाई म्हणतात. मुलांना हा सोहळा दाखवायलाच हवा, असे नणंदेचे म्हणणे आहे. मला दोघींनाही दुखवायचे नाही. काय करावे?

उत्तर : जरूर जावे, परंतु संपूर्ण परेड पाहण्याचा हट्ट घरीच ठेवून जावे. ब्रिस्टलमध्ये अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन १७८५ पासून अखंड साजरा होत आला आहे आणि परेडच्या मार्गावरील होप स्ट्रीटच्या मधोमध नेहमीच्या पिवळ्या रेषेऐवजी लाल, पांढरा आणि निळा असा तिरंगी पट्टा रंगवलेला असतो. मुलाला तो आधी दाखवा. गर्दी झाल्यावर दिसणार नाही. परेड सकाळी साडेदहाला निघते, सुमारे चार किलोमीटर चालते आणि वाद्यवृंद, सैनिकी पथके, चित्ररथ व अग्निशमन दलाचे बंब असे सगळे आपल्यासमोरून जाईपर्यंत सहज दोन तासांहून अधिक वेळ जातो. साडेतीन वर्षांचे मूल त्यातला पाऊण तास मनापासून पाहील. त्यानंतरचा वेळ मोठ्यांच्या हौसेचा असतो आणि त्याची किंमत रडून मूलच मोजते.

म्हणून जागा निवडताना समोर काय दिसेल यापेक्षा आपल्या मागे काय आहे, हे आधी पाहावे. पाठीशी झाडाची सावली आणि बाजूला निघणारी गल्ली असेल, तर दुसऱ्या रांगेतली जागासुद्धा पहिल्या रांगेपेक्षा चांगली. ब्रिस्टल हे तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले गाव असून उत्तरेकडून तिथे येणारे मुख्य रस्ते दोनच आहेत. त्यांतला एक म्हणजे हीच होप स्ट्रीट, जी त्या दिवशी वाहनांसाठी बंद असते. त्यामुळे एकदा परेड सुरू झाली, की रस्ता ओलांडणेही कठीण होते. तुम्ही ज्या बाजूने येणार, त्याच बाजूला आणि मार्गापासून जरा लांब गाडी उभी करा. शक्य असेल तर दोन गाड्या न्या. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, की त्या म्हणतील त्या क्षणी त्या, बाळ आणि तुमच्यापैकी एक जण असे तिघे निघतील व बाकीचे मागून येतील. त्यांची काळजी रास्त आहे आणि निघण्याचा निर्णय त्यांच्या हाती असला, तर त्यांचा विरोधही बराचसा मावळेल. नणंदेलाही परेड अर्ध्यावर सोडावी लागणार नाही.

आता उन्हाविषयी. जुलैत तिथले दिवसाचे तापमान साधारण २८ अंश सेल्सियसच्या आसपास असते. साताऱ्याचा एप्रिल पाहिलेल्या माणसाला ते किरकोळ वाटेल, पण तापलेल्या डांबराजवळ, दमट हवेत, बाबागाडीच्या उंचीवर बसलेल्या बाळाला ते किरकोळ नसते. आपल्याकडच्या सवयीने बाबागाडीवर ओढणी टाकून ती सगळीकडून झाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. आत हवा खेळत नाही आणि उष्णता साचत जाते. छत्री किंवा गाडीचा स्वतःचा पडदा वापरावा. आठ महिन्यांच्या बाळाला सनस्क्रीन लावता येते (सहा महिन्यांच्या आतील बाळाला शक्यतो लावू नये, सावलीतच ठेवावे). ते निघण्यापूर्वी लावावे व दर दोन तासांनी पुन्हा लावावे. दूध नेहमीपेक्षा अधिक वेळा पाजावे. कुणी कंटाळले म्हणून मुलांना बंद गाडीत क्षणभरही बसवू नये.

गोंगाटाबाबत सासूबाई अगदी बरोबर आहेत. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशांची पथके ऐकलेल्या माणसाला मार्चिंग बँड सौम्य वाटेल, परंतु बंबांचे भोंगे जवळून १०० डेसिबलच्या वर जातात आणि ऐतिहासिक पोशाखातील पथके कधी कधी बंदुकीचे बारही काढतात. दोन्ही मुलांसाठी कान झाकणारे इअरमफ घ्या आणि ते आदल्या आठवड्यात घरी खेळताना घालायची सवय करा, कारण ऐन वेळी डोक्यावर चढवलेली वस्तू मूल काढून फेकते. कापसाचे बोळे आवाज फारसा अडवत नाहीत आणि बाळाच्या तोंडात जाण्याचा धोका मात्र असतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोळ्या-चॉकलेटांची. अमेरिकेतील अनेक गावांच्या परेडमध्ये चित्ररथांवरून मुलांसाठी गोळ्या फेकतात. काही गावांनी नेमक्या याच कारणाने फेकण्यास मनाई केली आहे आणि तिथे त्या हातात देतात. एक गोळी पदपथाच्या कडेवरून घरंगळत रस्त्यावर जाते, मूल खाली पाहत तिच्या मागे धावते आणि ट्रकवर रचलेल्या चित्ररथाच्या चालकाला आपल्या चाकापाशी वाकलेले एवढेसे मूल दिसत नाही. ‘रस्त्यावर पडलेली गोळी आपली नाही’ हा नियम मुलाला घरूनच सांगून न्यावा, आणि तरीही एका मोठ्या माणसाने परेडकडे न पाहता फक्त मुलाकडे पाहावे. ही पाळी आळीपाळीने घ्यावी. सगळेच पाहत आहेत असे जेव्हा वाटते, तेव्हा बहुधा कुणीच पाहत नसते. शिवाय चार वर्षांच्या आतील मुलाला कडक गोळी देऊच नये. ती घशात अडकू शकते. आजोबांच्या खिशात चिरमुरे किंवा मऊ खाऊ असू द्यावा, म्हणजे गोळीच्या बदल्यात काहीतरी देता येईल. मूल चुकलेच तर उपयोगी पडावे म्हणून सकाळीच त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढावा आणि दंडावर आतल्या बाजूला पेनाने दूरध्वनी क्रमांक लिहावा.

रात्रीची आतषबाजी त्याच दिवशी नको.

प्रश्न : मी कोल्हापूरचा असून सध्या मुलीकडे बॉस्टनला आलो आहे. पाच वर्षांचा नातू अमेरिकेचा नागरिक आहे. मी अर्थातच नाही. परेडमध्ये त्यांचा ध्वज समोरून जाताना मी काय करावे आणि नातवाला काय सांगावे?

उत्तर : अमेरिकेच्या ध्वजसंहितेत तुमच्यासारख्या पाहुण्यांचा विचार केलेला आहे. परेडमध्ये ध्वज जात असताना उपस्थितांनी त्याच्याकडे तोंड करून सावधान उभे राहावे आणि नागरिकांनी उजवा हात हृदयावर ठेवावा, असे ती सांगते. इतर देशांच्या नागरिकांनी केवळ सावधान उभे राहावे. म्हणजे तुम्ही हात बाजूला ठेवून ताठ उभे राहिलात, की पुरे. नातवाने आईकडे पाहून हात छातीवर ठेवावा. डोक्यावर टोपी असल्यास ती उजव्या हाताने काढून डाव्या खांद्याशी धरायची असते. परेडमध्ये ध्वज अनेक पथकांबरोबर येतात. लोक सहसा अग्रभागी चालणाऱ्या ध्वजपथकासाठी उभे राहतात व नंतर बसतात. आसपासच्या मंडळींचे पाहून तसेच करावे. गुडघे दुखत असतील, तर बसून राहण्यात कोणताही अवमान नाही. मुलांना तिथे छोटे कागदी किंवा कापडी झेंडे वाटतात. त्यांची काडी टोकाशी अणकुचीदार असू शकते, म्हणून धावताना झेंडा नातवाच्या हातात असू नये, आणि तो कंटाळला की झेंडा जमिनीवर न टाकता तुमच्या पिशवीत ठेवावा.