कृपा कमवता येते, तर मग कीवही कमवून दाखवा

कोल्हापुरातल्या एका वाचकाचा प्रश्न: "चर्चच्या अभ्यासवर्गात ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्व्हिनचं मत शिकवताना 'देवाची कृपा' म्हणतात. तारण कुणाचं करायचं हे देवच ठरवणार आणि माणसाच्या इच्छेला वाव नसणार, तर सरळ 'मर्जी' का म्हणू नये? शिवाय कृपा तर कमवावी लागते ना?"

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. 'कृ म्हणजे कर, पा म्हणजे पाव. आधी करा, मग पावाल' ही फोड प्रवचनांत बिनदिक्कत सांगितली जाते आणि माना डोलतात. साफ चूक आहे ती. 'कृपा'चा धातू क्रप्. त्यात करणं नाही, पावणंही नाही. ऋग्वेदात या घराण्याची क्रियापदं विलाप करण्याच्या अर्थाने येतात. कळवळा, पोटात तुटणं, हे त्याचं मूळ.

कोशात 'दया, मेहेरबानी' एवढं मिळेल, ते सोडा. खरी गंमत पुढे आहे. 'कृपण' याच घरातला. आज तो चिक्कू झाला, पण मुळात कृपण म्हणजे दीन, ज्याच्याकडे पाहून गलबलून यावं असा. गीतेत 'कृपणाः फलहेतवः' आहे: फळासाठी कर्म करणारे ते कृपण. म्हणजे हिशोब मांडणारा माणूसच दीन ठरला!

आणि मराठीत? १२व्या शतकात हेमचंद्र या जैन वैयाकरणाने प्राकृतासाठी सूत्रच दिलं, 'इत् कृपादौ': कृपा वगैरे शब्दांत ऋ चा इ होतो. कृपा, किवा, कीव. आपली 'कीव' म्हणजे घासून गुळगुळीत झालेली कृपाच. आता सांगा, कीव कुणी कमावते का? ती दुसऱ्याला येते. ज्याच्या हातात काही नाही, त्याचीच येते. 'कृपा संपादन केली' असं लिहिणाऱ्यांनी एकदा 'कीव संपादन केली' लिहून पाहावं.

परवा गंगावेशीत एका टेम्पोच्या पाठीवर पिवळ्या अक्षरांत 'आई अंबाबाईची कृपा' वाचलं. खाली बारीक अक्षरांत कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव. हप्ते टेम्पोवालाच फेडतोय, तरी वर शब्द कृपा. 'अंबाबाईची मर्जी' असं रंगवलेलं मला अजून दिसलेलं नाही. मर्जी हा दरबारी शब्द. ती राखावी लागते, सांभाळावी लागते, नाहीतर खप्पा होते. कॅल्व्हिनला नेमकं हेच नको होतं. देव कुणाला निवडतो ते त्याच्या मर्जीवर, असं खुशाल म्हणा; पण निवडलेल्याच्या पदरात पडते ती कृपा. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले. त्यांच्यामागून इथे रुजलेली प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाची परंपरा कॅल्व्हिनच्याच वळणाची, आणि मराठी बायबलातही शब्द 'कृपा'च आहे.

इच्छेचं राहिलंच. कॅल्व्हिन इच्छा नाकारत नाही. ती पापाच्या दावणीला बांधलेली आहे, पण माणूस पाप करतो ते राजीखुशीने, कुणी ढकललं म्हणून नाही, असं तो म्हणतो. १६१८-१९ साली हॉलंडमधल्या डॉर्टला भरलेल्या, कॅल्व्हिनच्या वळणाच्या चर्चच्या धर्मसभेनेही स्पष्ट केलं की कृपा माणसाला दगड-ओंडक्यासारखं वागवत नाही, त्याची इच्छा मोडून टाकत नाही. ती त्याला राजी करते. आणि 'राजी' नि 'मर्जी' एकाच अरबी धातूची भावंडं! कचेरीत अर्ज करून मागतो ती 'रजा'सुद्धा त्याच घरातली.