लायब्ररीची खुर्ची की मुलांचं वाचनकेंद्र?

पत्र : आम्ही न्यू जर्सीत राहतो, मूळचे सातारा जिल्ह्यातले. मुलगी अमेरिकन नागरिक आहे, यंदा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजकडून आलेल्या तिच्या आर्थिक मदतीच्या पत्रात 'फेडरल वर्क-स्टडी'चे (शिकता शिकता काम करून कमावण्याची सरकारी योजना) २,५०० डॉलर लिहिलेत, पण बिलातून ते वजा झालेले नाहीत. कॉलेजच्या लायब्ररीत कामाची जागा आहे. हिला मात्र बसने अर्ध्या तासावरच्या एका संस्थेत लहान मुलांना वाचायला शिकवायचंय. मी स्वतः 'कमवा आणि शिका'त शिकलो, वसतिगृहाच्या मेसमध्ये कणीक मळली. त्यामुळे कामाला माझी ना नाही. पण लायब्ररीत बसल्या बसल्या अभ्यास तरी होईल. भाचाही ऑगस्टमध्ये एमएसला येतोय. त्यालाही हे मिळेल का?

उत्तर : नमस्कार. आधी बिलाचं बघू. कॉलेजने तुम्हाला फसवलेलं नाही. ते २,५०० म्हणजे तिला वर्षभरात जास्तीत जास्त किती कमावता येतील तो आकडा. काम केलं, टाइमशीट भरली, साहेबांची सही झाली, की पगार. नाही केलं तर पत्रातला आकडा पत्रातच राहतो. त्यामुळे ऑगस्टचा हप्ता भरताना हे पैसे हिशेबात धरू नका.

ताशी १६ डॉलर धरले तर २,५०० म्हणजे साधारण १५६ तास. दोन सत्रांचे मिळून कामाचे २६ आठवडे धरा, आठवड्याला सहा तास. एवढ्याने कुणाचा अभ्यास बुडत नाही. आणि ही कमाई पुढच्या फाफ्सात, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात, उत्पन्न म्हणून धरली जात नाही, साध्या पार्ट-टाइम नोकरीची धरली जाते.

आता लायब्ररीचं. तिथे खरंच अभ्यास होतो, खोटं कशाला सांगू. पण ही योजना आली १९६४ साली, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी कायद्यातून. आजही कॉलेजला या निधीतला किमान ७ टक्के भाग समाजोपयोगी कामांवर खर्च करावा लागतो, आणि त्यात मुलांना वाचायला शिकवणारा किंवा कुटुंबांच्या साक्षरतेचा निदान एक उपक्रम लागतोच. म्हणजे तुमची लेक काही आडवाटेला निघालेली नाही.

माझ्याकडे येणारी एक मुलगी अशाच केंद्रात होती. दुसरीतला एक पोरगा 'नाइफ'मधला 'के' दर वेळी उच्चारायचा, 'क-नाइफ'. तिने एका वहीत प्रत्येक मुलापुढे लिहून ठेवायला सुरुवात केली: कुठल्या अक्षराला अडतो, कुठे अंदाजाने रेटतो. पुढे शाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीला तिने ती वही नेली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी रेझ्युमे बाजूला ठेवला आणि वहीच चाळत बसल्या. लायब्ररीच्या काउंटरवर अशी वही तयार होणं अवघड.

मात्र उलटंही पाहिलंय. संस्थेने हौसेने विद्यार्थी घेतला आणि सत्रभर झेरॉक्स काढायला लावला. म्हणून तिने होकार देण्याआधी विचारावं: माझ्यावर देखरेख कोणाची? मुलं आली नाहीत त्या दिवशी मी काय करायचं? शाळेच्या सुट्ट्यांत केंद्र उघडं असतं का? पैसे केलेल्या तासांचेच मिळतात, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न खिशाचा आहे. बसच्या वेळेबद्दल मात्र कॉलेजला विचारा. समाजोपयोगी कामासाठीच्या प्रवासाच्या वाजवी वेळेचा पगार द्यायला नियमात मुभा आहे. सक्ती नाही, म्हणून न विचारता कुणी देणार नाही.

संस्था कॉलेजच्या यादीत नसेल तरी वाट बंद होत नाही. ती ना-नफा किंवा सरकारी असेल, तर कॉलेजशी लेखी करार करून विद्यार्थी घेऊ शकते. सर्वसाधारणपणे पगारातला ७५ टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र सरकारचा असतो, म्हणजे १६ डॉलरच्या तासाला संस्थेला चारच्या आसपास पडतात. मुलांना वाचायला शिकवण्याच्या कामात तर सरकार पूर्ण पगारही उचलू शकतं. छोट्या संस्थांच्या हे गावीही नसतं. तिने तिथल्या संचालकांना सरळ सांगावं, 'माझा बहुतेक पगार वर्क-स्टडीतून येईल, कॉलेजच्या ऑफिसला एक फोन कराल का?' 'मला काम द्या'पेक्षा हे वाक्य लवकर लागू पडतं. २,५०० संपले की सरकारचा वाटाही थांबतो, तेव्हा मार्चपासून उरलेल्या तासांवर नजर ठेवावी.

भाच्याला हे मिळणार नाही. योजना नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आणखी काही मोजक्या गटांसाठी आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर त्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येईल. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय एक तासही नको, कितीही ओळखीचं दुकान असलं तरी. एच-४ वरच्या, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे इथे राहणाऱ्या मुलांचे पालकही मला हेच विचारतात. त्यांच्यासाठीही उत्तर 'नाही' असंच आहे.

एक राहिलं. काम सुरू झालं की तीन कामाच्या दिवसांत आय-९ फॉर्मसाठी (अमेरिकेत काम करायचा हक्क आहे याची खात्री करणारा फॉर्म) मूळ कागद दाखवावा लागतो, फोनमधला फोटो चालत नाही. अमेरिकन पासपोर्ट एकटा पुरतो. तो बहुधा तुमच्या बँकेच्या लॉकरमध्ये असेल. शनिवारी जाऊन काढून आणा. लहान मुलांबरोबर काम म्हटलं की पार्श्वभूमीची तपासणीही आली, तिला वेळ लागतो. सप्टेंबर उजाडायची वाट बघू नका.